हा पाय कुणाचा?

नाहूर,
३ ऑगस्ट २०२५

ती. दादा,

नमस्कार. फोनच केला असता, पण मागच्या वेळी मी दिव्याच्या अमावस्येचं बोलत होते आणि तू म्हणालास, "दिवाळी एवढ्यात कशी आली?" तेव्हाच ठरवलं, तुझ्याशी आता पत्रानेच बोलायचं. अडतीस वर्षं घाटकोपरच्या गॅरेजमध्ये ठोकाठोक केलीस, त्यात कान गेले. डोळे शाबूत आहेत, तेव्हा वाच.

काम ब्रेकचं आहे. ह्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचं तुला ठाऊकच आहे. डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली त्याला दीड वर्ष झालं. तरी हे रोज सकाळी पार्किंगमध्ये जातात, गाडीवर फडका मारतात आणि आत बसून रेडिओ ऐकतात. गेल्या वर्षी त्यात एकदा बॅटरी उतरली. घरात पोक काढून बसणारा माणूस त्या गाडीत ताठ बसतो.

देवेश चेंबूरहून आला की त्याचं एकच, विकून टाकू. गाडी चौदा वर्षांची, आणि हल्ली ब्रेक दाबला की पायाला कडक लागतो, गाडी मात्र पुढे सरकत राहते. शेवटी तो म्हणाला, दसऱ्यापर्यंत ब्रेक नीट झाले तर ठेवू, नाहीतर गिऱ्हाईक बघतो.

गाडी आठवड्यातून दोनदा बाहेर निघते. गुरुवारी मुलुंडला डोळ्यांच्या दवाखान्यात आणि रविवारी सकाळी जुहूला, ह्यांना वाळूत चालायला. देवेश चालवतो.

त्याचा मित्र प्रांजल गाड्यांतला आहे. त्याने तीन प्रकारचे पॅड दाखवले. एक कंपनीचे, आत्ता आहेत तसेच. दुसरे सिरॅमिकचे. तिसरे लाल, शर्यतीच्या गाड्यांना असतात ते. प्रांजल म्हणतो, "काकू, लाल घ्या. झकास. गाडी जागच्या जागी खिळेल." तू काय म्हणतोस?

तुझी वनू


पिंगुळी, कुडाळ,
११ ऑगस्ट

चि. वनू,

आशीर्वाद. इथे मला सगळे गुडघ्यांबद्दल विचारतात. बऱ्याच दिवसांनी कोणी ब्रेकबद्दल विचारलं, त्यामुळे दोन वेळा जेवलो.

लाल पॅड घेऊ नका. ते वाईट नसतात, पण तापल्यावर धरतात. शर्यतीत गाडी दीडशेवरून साठवर येते, वळते, पुन्हा पळते, पॅड सतत तापलेला असतो. तुमच्या एलबीएस रोडला गाडी वीसच्या वर जाते कधी? पॅड थंडच राहणार. अशा पॅडवर पाय दिला की तो म्हणणार, थांबा, आधी मला तापू दे. समोरचा रिक्षावाला तेवढा वेळ देत नाही.

आणि नवे निवडायच्या आधी जुने बघायचे असतात. डॉक्टर जीभ बघतो तसं. पुढच्या दोन चाकांचे चारही पॅड काढले की फेकू नकोस. डावं-उजवं, आतला-बाहेरचा, खडूने लिहून मला पार्सल कर. मग सांगतो.

चंद्रप्रकाशरावांना नमस्कार. आणि देवेशला गुरुवारी सुट्टी कधीपासून असते?

तुझा दादा, लहू


नाहूर,
२२ ऑगस्ट

ती. दादा,

तुझं पत्र पोचेपर्यंत उशीर झाला होता. पंधरा ऑगस्टच्या सुट्टीला देवेश आला तो लाल पॅड घेऊनच. गाडी विका म्हणणारा हाच, आणि पॅड आणणाराही हाच. माझा वाढदिवस दोन दिवसांवर होता, म्हणाला, "आई, हीच तुझी भेट." साडी नको म्हणून मीच सांगितलं होतं, तेव्हा तोंड मिटून घेतली.

हे पॅड किंचाळतात रे. गाडी गेटातून आत शिरली की वॉचमन भाऊराव खुर्चीतून उठतो. तिसऱ्या मजल्यावरच्या शांताबाई हातातलं काम टाकून खिडकीत येतात. चाकांवर काळी पूड साचते ती वेगळीच, हे रोज पुसतात आणि हात काळे करून घेतात.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. काल दवाखान्यात जाताना पुलाच्या उतारावर गाडी पुढच्या रिक्षाला टेकली. ब्रेक वेळेवर दाबला गेला होता, पण गाडी ऐकेना. कुणाला लागलं नाही. रिक्षाच्या मागच्या पत्र्याला पोचा आला. रिक्षावाला तावातावाने उतरला, काचेतून आत बघितलं आणि हसायलाच लागला. "जाऊ दे," म्हणाला. ह्यांचा मात्र चेहरा पांढरा पडला होता. देवेशने हे ऐकलं आणि संध्याकाळीच येऊन गाडीचे फोटो काढून नेले. विकायची जाहिरात टाकलीये.

जुने पॅड काढणाऱ्याने बाजूवार बांधून ठेवले होते, ते खडूने लिहून पार्सल केलेत. ह्यांचं इंजेक्शन आहे, त्यामुळे यंदा गणपतीला येणं नाही. माझ्या वाटणीचा एक मोदक वहिनीला बाजूला काढायला सांग.

तुझी वनू


पिंगुळी,
३ सप्टेंबर

चि. वनू,

काल गौरी-गणपती बोळवले, आता निवांत लिहितो. तुझं पार्सल भर आरतीत आलं. मी टाळ खाली ठेवून पॅड बघत बसलो, त्याबद्दल तुझी वहिनी अजून माझ्याशी बोलत नाही. बोलली तरी ऐकू आलं नसतं म्हणा.

चारही पॅड सारखेच झिजलेत, म्हणजे गाडीत दोष नाही. पण त्यांच्या तोंडावर चकाकी आहे, बोट फिरवलं तर काचेसारखं सरकतं. जोरात ब्रेक मारणाऱ्याचे पॅड असे होत नाहीत. जो माणूस ब्रेक सोडतच नाही, गाडी चालू असताना पाय हलकेच त्यावर टेकवून ठेवतो, त्याचे पॅड असे भाजून गुळगुळीत होतात आणि मग धरत नाहीत. हा घाबरणाऱ्या माणसाचा पाय आहे. काळजी घेणारा, आणि उशिरा शिकलेला.

मे महिन्यात देवेशने मला मालवणला नेलं होतं. तो शेवटच्या क्षणी कचकन ब्रेक मारतो, मी दोनदा काचेवर आपटता आपटता वाचलो. त्याचे पॅड खरबरीत असते, कडेने तुटलेले असते. चंद्रप्रकाशराव तर चालवतच नाहीत.

आता तुझं पत्र. गाडी टेकली, ब्रेक दाबला गेला. कोणी दाबला ते कुठेच नाही. देवेश चालवत होता म्हणतेस, आणि झालं काय ते त्याने नंतर ऐकलं. वाढदिवसाला ब्रेक मिळाले ते तुला.

वनू, हा पाय कुणाचा?

तुझा दादा


नाहूर,
११ सप्टेंबर

ती. दादा,

माझा.

गेल्या वर्षी बॅटरी उतरली ना, त्या दिवशी हे पार्किंगमध्ये बंद रेडिओसमोर अर्धा तास बसून होते. दुसऱ्या दिवशी मी मुलुंडच्या मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये नाव घातलं. बरोबर कॉलेजच्या दोन मुली होत्या. त्यांना मास्तर नावाने हाक मारायचा आणि मला "आजी, क्लच." लायसन्स मिळालं, पहिल्या खेपेलाच. पहिल्या रविवारी ह्यांना जुहूला नेलं. वाळूत उतरल्यावर म्हणाले, "चला, आता बॅटरी उतरायची नाही." मला रडूच आलं.

तुला का सांगितलं नाही, तेही लिहिते. एक्क्याऐंशी साल. मी तुझा डबा घेऊन गॅरेजवर यायचे. काशीरामची फियाट टॅक्सी ब्रेकच्या कामाला आली होती, दार उघडं होतं, मी आत बसून बघितलं आणि तुला म्हटलं, "दादा, मला शिकव ना." तू म्हणालास, "आधी तुझे पाय ब्रेकपर्यंत पोचू देत, मग बघू." सहा माणसं होती तिथे. सगळी हसली, काशीराम तर डोळे पुसत होता. मी उंचीने एवढीशी, त्यात अठरा वर्षांची. तू विसरला असशील. मी नाही विसरले.

आता मी खाली उशी घेऊन गाडी चालवते. हे तुला कळवलं तर पुन्हा तेच म्हणशील असं वाटायचं. बासष्टाव्या वर्षी भावाच्या हसण्याची भीती, वेडेपणाच म्हण. रिक्षावाला का हसला ते आता कळलं असेल. "आजी, आप चला रही थी?" असं विचारत होता.

देवेश वाईट नाही, त्याला भीती वाटते. बाजूला बसला की त्याचा उजवा पाय मॅट दाबत राहतो, तिथे खळगा पडलाय. पण गाडी गेली तर माझं काही अडणार नाही दादा, मी भाजी आणायला चालत जाईन. हे पुन्हा पोक काढून बसतील ते मला बघवणार नाही.

तुझी वनू


पिंगुळी,
१७ सप्टेंबर

चि. वनू,

विसरलो होतो, खोटं कशाला सांगू. पत्र वाचलं आणि अंगणात जाऊन बसलो. तुझी वहिनी बाहेर येऊन काय झालं म्हणून विचारत होती, मी ऐकू न आल्यासारखं केलं. बहिरेपणाचा तेवढा एक उपयोग.

मला शरम वाटली. कोपऱ्यात न लपवता इथे मधोमध लिहितो. गॅरेजमध्ये कोणाही पोऱ्याला मी गाडीखाली घालून शिकवलं, आणि घरच्या पोरीने विचारलं तर चार माणसांना हसवायला तिचा वापर केला. त्याची भरपाई कशी करायची ते अजून सुचलेलं नाही. आधी ब्रेक बघू, दसरा पंधरा दिवसांवर आलाय.

लाल काढून टाक आणि सिरॅमिकचे घे. थंड असतानाही धरतात, किंचाळत नाहीत, चाकांवर पूड कमी. कंपनीच्या पॅडपेक्षा एक पायरी वर, आणि तुझ्या रस्त्यांना एक पायरी पुष्कळ झाली. पॅड चाकाच्या ज्या चकतीला धरतात त्या डिस्कवर लाल पॅडचा थर बसला असेल, तो मेकॅनिकला पॉलिश पेपरने काढायला सांग. ब्रेक ऑइलही बदलून घे.

आता पाय. टाच खाली टेकवून पंजा फिरवायचा, अख्खा पाय उचलायचा नाही. ब्रेकवर पाय असेल तर तो दाबलेला असला पाहिजे, नाहीतर तिथे नसला पाहिजे. विश्रांतीची जागा नाही ती. सीट आणखी दोन खाचा पुढे घे, म्हणजे टाच पोचेल. उशी राहू दे, उशीत काही वाईट नाही.

आणि पॅड नीट बसवून घे. न बसवता दवाखान्याच्या रस्त्याला लागू नकोस.

तुझा दादा


नाहूर,
२४ सप्टेंबर

ती. दादा,

टपालाला वेळ नाही, म्हणून या कागदाचा फोटो काढून तुझ्या सुनेच्या फोनवर पाठवतेय. निशा तुला मोठा करून दाखवेल.

सिरॅमिकचे पॅड सोमवारी बसवले. मुलुंडच्या अनिरुद्ध मेकॅनिकने तू लिहिलं होतंस ते सगळं केलं, पॉलिश पेपरसुद्धा मारला. किंचाळणं थांबलं. पण गाडी थांबत नाही. पाय लाकडावर दाबल्यासारखा वाटतो, लाल पॅडपेक्षाही कमी धरतात. मी सोसायटीच्या आवारातच दोन फेऱ्या मारल्या आणि घाबरून चावी ठेवून दिली.

वाट लागली रे. रविवारी दुपारी बारा वाजता देवेश गिऱ्हाईक घेऊन येतोय. आज हे खाली गेलेच नाहीत. फडका खिडकीत वाळत घातलाय.

तू सांगितलंस तसे बसवले, मग असं का?

वनू


पिंगुळी,
२५ सप्टेंबर

वनू,

निशाच्या फोनवरूनच पाठवतो.

बसवले ते अनिरुद्धने. मी विचारतोय, ते बसले का?

चूक माझी. गॅरेजमध्ये आम्ही पॅड आधी लावायचो आणि मग बसवायचो. लावणं पान्याचं काम. बसवणं रस्त्यावरचं, गाडी चालवणाऱ्याचं. नवा पॅड आणि डिस्क एकमेकांना ओळखत नसतात, त्यांची तोंडं जुळावी लागतात. हे तुला कळणार कसं, मी तुला शिकवलंच कधी?

रविवारी सकाळी सहाला रिकामा रस्ता गाठ. चाळीसच्या वेगाला जा, मागे कोणी नाही बघ, आणि दमाने ब्रेक दाबून दहावर आण. पूर्ण थांबायचं नाही. पुन्हा चाळीस, पुन्हा दहा. असं बारा वेळा. थोडा वास येईल, घाबरू नकोस. बारा झाले की दोन-तीन किलोमीटर शक्यतो ब्रेकला पाय न लावता सावकाश चालव, पॅड निवू देत.

देवेशला बोलावून घे आणि मागच्या सीटवर बसव. पुढे चंद्रप्रकाशराव, मोजायला.

दादा


नाहूर,
३ ऑक्टोबर

ती. दादा,

काल दसरा झाला. आता सगळं सविस्तर लिहिते.

शनिवारी देवेशला सांगितलं, गिऱ्हाईक बारा वाजता ना, तू सहाला ये. तो कुरकुरत आला. मागे बसला तर दाबायला मॅट कुठे, पुढच्या सीटच्या पाठीला घट्ट धरून बसला. मुलुंडहून ऐरोली पुलाकडे जातो तो रस्ता गाठला. चालायला आलेली दोनचार माणसं सोडली तर मोकळा.

हे मोजत होते. "एक." काही नाही, लाकूडच. "दोन." तसंच. चौथ्याला देवेश म्हणाला, "आई, पुरे ना." हे म्हणाले, "मध्ये बोलू नकोस, आकडा चुकेल." सातव्याला जळका वास आला. ह्यांनी खिडकी खाली केली, नाक बाहेर काढलं आणि खुशीत म्हणाले, "लहूदादा म्हणाला तसाच येतोय." नवव्याला मला पायात काहीतरी वेगळं लागलं. दहाव्याला देवेश सीटवर पुढे आपटला. बाराव्याला मी जेवढा पाय दाबला तेवढीच गाडी हळू झाली, कमी नाही, जास्त नाही. दादा, पाय म्हणतो तसं गाडी करते हे मला पहिल्यांदाच कळलं. मी एवढे दिवस तिला नुसती विनवत होते.

पुलापाशी वळून, पॅड निववत परत आलो. मग मी मुद्दामच रिक्षाला टेकले होते त्या उतारावर गेले. तिथे एक पाववाला सायकल घेऊन आडवा आला. मी टाच टेकवून पंजा दाबला. गाडी थांबली, मध्ये एक अख्खी सायकल बसेल एवढी जागा उरली. पाववाल्याने मागे वळूनही बघितलं नाही. मला तेच फार आवडलं.

देवेश उतरला, फोन लावला आणि गिऱ्हाइकाला म्हणाला, "सॉरी, गाडी गेली." मी विचारलं, कोणाला? म्हणाला, "तुलाच. पण टायर मी बदलून देणार, तिथे तू बोलायचं नाहीस."

दसऱ्याला ह्यांनी हाताने चाचपत बॉनेटवर हार बांधला, जरा तिरका झाला, तसाच ठेवला. चाकांखाली लिंबं ठेवली. भाऊराव वॉचमन म्हणतो, "ताई, तुम्ही आत येता ते आता कळतच नाही."

यंदा भाऊबीजेला तू ये. मी ठाणे स्टेशनवर घ्यायला येते.

तुझी वनू


पिंगुळी,
२९ ऑक्टोबर

चि. वनू,

सुखरूप पोचलो. तू दिलेल्या चकल्या आगगाडीत कोणाला दाखवू नकोस म्हणून सांगितलं होतंस, मी समोरच्या म्हाताऱ्याला दोन दिल्या.

ठाण्याला तू गाडीतून हात केलास, तेव्हा मी आधी उशी बघितली आणि मग तुला. लाज वाटली, पण बघितली. बसल्यावर मी दोन्ही पाय मॅटवर सपाट ठेवले होते. तुला वाटलं असेल, हाही देवेशसारखा दाबणार. तसं नव्हतं. मला इंजिन ऐकू येत नाही, ब्रेक ऐकू येत नाहीत, म्हणून मी तळव्यांनी ऐकत होतो. तीन हात नाक्याच्या गर्दीत तू एकदाही पाय टेकवून ठेवला नाहीस. दाबलास तेव्हा दाबलास, सोडलास तेव्हा सोडलास. नाहूरला पोचेपर्यंत मला डुलकी लागली. माझ्या गॅरेजमधल्या पोरांबरोबर मी कधी झोपलो नाही. चंद्रप्रकाशराव मागे बसून सगळे सिग्नल पाठ म्हणत होते, तेही मजेत दिसले.

ओवाळताना तू विचारलंस, "दादा, यंदा गप्प का?" तुझ्या ताटात साडी घातली ती वहिनीने निवडलेली. माझ्याकडून घालायचं होतं ते तिथे घालता येण्यासारखं नव्हतं. तुला एकटीला सांगून भागणार नव्हतं, कारण तेव्हा गॅरेजमध्ये मी तुला एकटीला बोललो नव्हतो, सगळ्यांदेखत बोललो होतो.

इथे कुडाळ स्टेशनला उतरलो. बाहेर रिक्षा स्टँडवर आठ-दहा माणसं होती, एक-दोन माझ्या ओळखीची, बाकी नाहीत. काशीराम तर आता राहिला नाही. मी पिशवी खाली ठेवली आणि मोठ्याने सांगितलं, "माझी भईण मुंबयत गाडी चालवता. तिचो पाय ब्रेकापर्यंत पोचता. चवेचाळीस वर्सांपूर्वी मी नाय म्हटलंय, ता माझा चुकला." सगळे माझ्याकडे बघायला लागले. हसले की काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. मग एका रिक्षावाल्याने माझी पिशवी उचलली आणि दार उघडून धरलं.

तुझा दादा